अंगणातल्या बागेत दिवे कुठे, किती आणि कसले लावावेत? (जुळे सोलापूर)

अंगणवेल
नमस्कार मंडळी. आमचं घर जुळे सोलापुरात आहे. घरापुढे २८ बाय १२ फुटांची मोकळी जागा आणि कडेनं चार फुटांचा बोळ. दहा वर्षांत थोडंथोडं करत तिथं बाग उभी राहिली. फाटकाजवळ पारिजातक, कोपऱ्यात घर बांधायच्या आधीपासूनचा कडुनिंब, मध्ये तुळस, मोगऱ्याची चार झुडपं, कुंड्यांत शेवंती आणि जास्वंद. उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी साठवून जगवलेली झाडं आहेत ही, प्रत्येकावर जीव आहे.

दिव्यांचा विषय आप्पांमुळे निघाला. आप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७६. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड येतं, तेही बऱ्याचदा रात्री दोन-अडीचला. हौदाचा कॉक बोळाच्या तोंडाशी आहे. गेल्या महिन्यात आप्पा कॉक फिरवायला उठले आणि ओट्याच्या शेवटच्या पायरीवरून पडले. पायऱ्या शहाबादी फरशीच्या, खालची जमीनही करडीच. पायरी कुठं संपते ते रात्री कळतच नाही. मनगटाला प्लास्टर बसलं.

दुकानात विचारलं तर त्यांनी भिंतीवर ५० वॉटचा फ्लडलाइट, बागेत मातीत खोचायचे २२ रंगीत दिवे (स्पाइक) आणि कडुनिंबाला गुंडाळायची माळ असं सगळं लिहून दिलं. मला ते पटत नाहीये. पण मग काय लावायचं? सोलर की वायरचे? पिवळे की पांढरे? आणि मुख्य म्हणजे नेमके कुठे? गणपती झाले की काम काढायचं म्हणतोय. ज्यांनी केलंय त्यांनी मनापासून सांगा.

होटगीरोड
ताई, आप्पांना आराम पडो. माझा सोलरचा अनुभव लिहितो.

आपल्याकडे ऊन भरपूर, म्हणून मी एकदम आठ सोलर स्पाइक घेतले. पहिला महिना झकास चालले. मग एकेक मंद होत गेला. कारण शोधत बसलो तेव्हा तीन गोष्टी कळल्या. झाडाखालच्या दिव्याला ऊन मिळतच नाही. दिवस कितीही लख्ख असला तरी पॅनेलवर थेट ऊन पडावं लागतं, नुसता उजेड पुरत नाही. दुसरं, धूळ. फेब्रुवारी ते मे या दिवसांत आठवड्यात पॅनेलवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. आणि तिसरं, उन्हात तापणारी बॅटरी. पारा ४२-४३ ला गेला की काळ्या प्लास्टिकच्या डबीत आत किती होत असेल? उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं. दोन उन्हाळ्यांत चार दिव्यांच्या बॅटऱ्या गेल्या. प्लास्टिकचे खुंट तर असे झाले की हातात घेतले की बिस्किटासारखे तुटायचे.

एक मात्र अजून चालू आहे. त्याचं पॅनेल वेगळं आहे, गच्चीच्या कठड्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसवलंय, आणि दिवा खाली सावलीत. सोलर घ्यायचाच तर तसला घ्या. पण आप्पांच्या पायरीसाठी सोलर नको. रात्री अडीचला तो संपलेला असेल, आणि तुम्हाला उजेड नेमका तेव्हाच हवाय.

वायरवाला अण्णा
तीस वर्षं वायरिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, दिवे आणायच्या आधी आजच एक करा. पिवळा ऑइलपेंट आणा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला तीन बोटं रुंद पट्टा ओढा. पेंटमध्ये चिमूटभर चाळलेली वाळू घाला, म्हणजे पाय सरकणार नाही. मग दिव्याचं बघू.

आता वायर. बागेत माती ओली असते, हातात झारी असते, पायात चप्पल नसते. म्हणून पायाशी येणारे सगळे दिवे कमी व्होल्टेजचे ठेवा, १२ नाहीतर २४ व्होल्ट. मी २४ ची बाजू घेतो, कारण सांगतो. समजा दहा दिवे, प्रत्येकी ४ वॉट, म्हणजे ४० वॉट. १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या वर करंट जातो. २० मीटर लांब साधी १ स्क्वेअर एमएमची वायर टाकली आणि दिवे शेवटाला असले, तर वाटेतच सुमारे अडीच व्होल्ट खलास. म्हणजे शेवटच्या दिव्याला साडेनऊ पोचणार, आणि तो मिणमिणणार. गिऱ्हाईक म्हणतं दिवा खराब निघाला. दिवा चांगलाच असतो, वायर बारीक असते. तेच २४ व्होल्ट आणि अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर घट जेमतेम अर्धा व्होल्ट.

२३० चं २४ करणारा ड्रायव्हर पोर्चमध्ये, सावलीत, भिंतीवर छातीच्या उंचीला लावा. पश्चिमेच्या भिंतीवर अजिबात नको, दुपारच्या उन्हात भाजून निघतो. ४० वॉटच्या भाराला ६० वॉटचा घ्या, दम लागला नाही पाहिजे. ड्रायव्हरला जाणाऱ्या २३० च्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, हवीच. आणि अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. तीन पिनचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही. मी उघडलेल्या कितीतरी बोर्डांत तिसऱ्या पिनला वायरच नव्हती.

माती कसली आहे तुमच्याकडे? काळी की मुरूम?

अंगणवेल
अण्णा, पट्ट्यांचं मनापासून आभार. कालच ओढले. आप्पा संध्याकाळी तीनदा उतरून चढून बघून आले.
माती काळी. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

वायरवाला अण्णा
मग हे नीट वाचा, कारण आपल्या भागातल्या बागेचे दिवे बंद पडायचं मोठं कारण हेच आहे.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जमिनीतला कडक पीव्हीसी पाइप ती दरवर्षी ओढते आणि ढकलते. दोन-तीन वर्षांत पाइपाचा सांधा निसटतो. मग पाणी आत. गेल्या वर्षी विजापूर रोडला एका घरी बोलावलं होतं, पाऊस पडला की बागेतले दिवे जायचे. तुळशीमागे फूटभर खणलं. पाइपाचा सांधा दोन बोटं उघडा होता. आत जॉइंटवर गुंडाळलेली काळी टेप वितळून गुळाच्या पाकासारखी चिकट झालेली, तांब्यावर हिरवा थर, आणि त्या उबेला मुंग्यांनी अंड्यांसकट घर केलेलं. वायरीला हात लावला तशी ती तिथंच तुटली.

म्हणून काळ्या मातीत सलग काळी एचडीपीई नळी वापरा, वेटोळ्यात मिळते ती, मध्ये सांधा नको. वायर आत जरा ढिली सोडा, दर वळणाला हातभर जास्त. जमिनीखाली एकही जॉइंट करायचा नाही. जोड सगळे जमिनीच्या वर, भिंतीवरच्या बंद डबीत, आणि डबीत वायर खालून घ्यायची म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत शिरत नाही. २४ व्होल्टची नळी नऊ-दहा इंच खोल पुरते, खुरपं लागू नये एवढंच बघायचं. पण २३० ची लाइन जमिनीतून न्यायचीच झाली तर आर्मर्ड केबल, म्हणजे पोलादी कवचाची, अडीच फूट खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटांची ओळ. यात कुणी सूट मागितली तर मी काम सोडतो.

दिव्यावर आयपीचा आकडा बघा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. उघड्यावरच्या दिव्याला ६५ हवा. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून लोक ४४ घेतात. पण आपला शत्रू धूळ आहे, आणि ४४ मधला पहिला ४ धूळ अडवत नाही. जमिनीत पुरायच्या दिव्याला ६७.

शेवंती
ताई, दुकानदारांनी दिव्यांचा विचार केला, अण्णांनी वायरीचा. आता जरा झाडांचा करूया.

तुमच्या शेवंतीच्या कुंड्या कुठे ठेवल्यात? मी तीन वर्षं रडले होते या शेवंतीपायी. फाटकाच्या खांबावर दिवा, रात्रभर चालू, आणि खाली सहा कुंड्या. पानं हिरवीगार, झाड गुबगुबीत, पण दिवाळी गेली, मार्गशीर्ष आला तरी कळीचा पत्ता नाही. खत बदललं, शेंगपेंड घातली, काही उपयोग नाही. एका वर्षी रंगकामासाठी तीन कुंड्या मागच्या बोळात ठेवल्या आणि तिथंच विसरले. त्या तीनही फुलांनी लदबदल्या, पुढच्या तीन तशाच कोऱ्या.

शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. मध्ये उजेड पडला की तिला वाटतं दिवस अजून मोठाच आहे. पॉइन्सेटियाचंही तसंच, त्याची वरची पानं लाल होत नाहीत. फुलशेती करणारे हाच गुण उलटा वापरतात, रात्री बल्ब लावून शेवंतीची कळी पुढं ढकलतात आणि सणाच्या वेळेला फूल आणतात. म्हणजे दिवा म्हणजे झाडाच्या दृष्टीनं नुसती शोभा नव्हे, तो हुकूम आहे.

पारिजातकाखालीही वरून झोत नको. त्याची फुलं रात्री उमलतात, पांढरी आणि सुगंधी, कारण त्यांच्याकडे पतंग येतात. शेजारी झगझगीत दिवा असला की ते पतंग फुलाऐवजी दिव्याभोवतीच घिरट्या घालून दमतात. मोगरा, रातराणी, निशिगंध, सगळ्यांना अंधार मानवतो.

आणि कडुनिंबाला माळ गुंडाळू नका हो. झाड जाड होत जातं, वायर सैल करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, मग ती सालीत रुतते. शिवाय त्यात पाखरं झोपतात. एकदा संध्याकाळी खाली उभ्या राहून वर बघा, किती आहेत ते.

अंगणवेल
शेवंतीताई, आमच्याही कुंड्या फाटकाच्या दिव्याखालीच आहेत! गेल्या वर्षी फुलं अगदी मोजकी आली आणि मी रोपवाल्याला दोष देत होते. आजच हलवते.

माळरान
शेवंतींनी पतंगांचं लिहिलं, त्याला जोडून किड्यांचं लिहितो. नान्नजच्या माळरानावर माळढोक अभयारण्याच्या बाजूला बरंच फिरणं होतं, तिथला अंधार बघितला की शहरातल्या उजेडाचा हिशोब कळतो.

निळसर पांढरा प्रकाश किड्यांना जास्त ओढतो, पिवळा कमी. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे निघतात त्या रात्री हे डोळ्यांनी बघता येतं. पांढऱ्या दिव्याखाली सकाळी पंखांचा सडा असतो, पिवळ्याखाली थोडे. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो, तो जितका कमी तितका उजेड पिवळा. म्हणून २७०० केल्व्हिन लिहिलेला दिवा घ्या, फार तर ३०००. ६५०० बागेत नको.

यात आपल्या सुरक्षेचाही भाग आहे. बऱ्याच जणांना वाटतं उजेड असला की साप येत नाही. साप उजेडाला भीत नाही. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाली आणि बेडूक, त्यांच्यामागे साप. जुळे सोलापुरात अजून मोकळे प्लॉट आहेत, मण्यार रात्रीच फिरते. तेव्हा दिवा पायवाटेवर हवा, कुंड्यांच्या मागे आणि विटांच्या ढिगावर नको. आणि तो विटांचा ढीग असेल तर आधी हलवा. आप्पांच्या हातात कॉकपर्यंत जाताना बॅटरी असू द्या, दिवे लागले तरी.

गच्चीवरून
एक विनंती. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. एप्रिल-मेमध्ये खालच्या खोल्या बारापर्यंत तापलेल्या असतात, आईला तर गच्चीशिवाय झोपच लागत नाही. शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वी भिंतीवर फ्लडलाइट लावला. त्याचा झोत त्यांच्या बागेवर कमी आणि आमच्या अंथरुणावर जास्त पडतो. आई डोळ्यांवर पदर ओढून झोपते. शेजारी भले माणूस आहेत, त्यांना सांगायला संकोच वाटतो. तुम्ही दिवे लावाल तेव्हा शेजारच्या गच्चीवर एकदा चढून बघा, एवढंच.

होटगीरोड
सगळं पटतंय, पण चोरीचं काय? आमच्या बाजूला गेल्या हिवाळ्यात दोन घरं फुटली. मोठा दिवा असला की मनाला आधार वाटतो, हे मी खोटं कसं म्हणू?

वायरवाला अण्णा
दादा, आधार वाटतो हे खरं आहे. पण त्या झोताच्या बाजूची सावली बघा, तिथं माणूस उभा राहिला तर दिसतो का? डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक झगझगीत दिवा ती क्षणात घालवतो. वय झालेल्या माणसाला तर अशा झोतानंतर सावरायला आणखी वेळ लागतो. ताईंच्या आप्पांना ५० वॉटचा फ्लड डोळ्यांवर आला तर पायरी आत्ता दिसते त्याहून कमी दिसेल.

राखणीसाठी सेन्सरचा दिवा लावा. रात्रभर बंद, हालचाल झाली की पेटतो. अचानक उजेड झाला की घरातल्यांचंही लक्ष जातं.

होटगीरोड
सेन्सरचा माझ्याकडे आहे, मागच्या दाराला. मे महिन्यात रात्री नऊ-दहापर्यंत तो मला ओळखतच नाही, अगदी दोन हातांवर गेलो तर पेटतो. डिसेंबरात मात्र लांबूनच पेटतो. बिघडलाय का?

वायरवाला अण्णा
बिघडलेला नाही. तो सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक ओळखतो. मे महिन्यात रात्री नऊला तुमची भिंतच अंगाएवढी तापलेली असते, त्याला माणूस आणि भिंत सारखीच दिसते. तापणाऱ्या पश्चिम भिंतीकडे त्याचं तोंड असेल तर बदला. माणूस त्याच्याकडे सरळ चालत न येता त्याच्या समोरून आडवा जाईल असा बसवा, पकड सुधारते.
आणि ताई, याच कारणानं आप्पांच्या कॉकचा दिवा निव्वळ सेन्सरवर सोडू नका. पलंगाजवळ एक साधं बटण द्या.

पूर्वभाग
माझ्या सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. त्या तुळशीपुढे रोज निरांजन लावायच्या. मी हौसेनं वृंदावनाच्या पायाशी दोन दिवे बसवले आणि निरांजन लावलंय की नाही तेच दिसेना. अव्वा काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्या दिवा लावायच्या आधी बटण बंद करायला लागल्या. मग मीच ते दिवे काढले. तुळशीला ज्योतीचाच उजेड ठेवा, बाकी दिवे तिच्यापासून पाच-सहा फूट लांब.

अंगणवेल
पूर्वभागताई, हे वाचून गळा भरून आला. तुळशीपाशी काहीच लावणार नाही.

काल रात्री आम्ही एक प्रयोग केला. खणायच्या आधी चार बॅटऱ्या घेतल्या, त्यांच्या तोंडाला बटर पेपर बांधला आणि अंगणात ठेवत फिरलो. ह्यांनी एकेक बॅटरी हलवायची, आप्पांनी ओट्यावरून उतरायचं, मी फाटकातून बघायचं. दीड तास गेला, पण दुकानातल्या पुस्तकातून कळलं नसतं ते कळलं. बॅटरी समोरून धरली तर पायरी सपाट दिसते. बाजूच्या भिंतीला वीतभर उंचीवर, खाली तोंड करून धरली तर प्रत्येक पायरीच्या कडेची सावली पडते आणि आप्पा न थबकता उतरतात. बोळाच्या तोंडाला फक्त एकच पुरते. आणि कडुनिंबावर खालून झोत टाकला तर वर फडफड झाली, तो लगेच बंद केला. शेजारच्या गच्चीवरही चढून आले.

वायरवाला अण्णा
फार छान केलंत. बटर पेपरची युक्ती मी पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार.

अंगणवेल
(तीन आठवड्यांनी)
काम झालं, म्हणून लिहिते आहे.

२२ च्या जागी सहाच दिवे लागले. ओट्याच्या बाजूच्या भिंतीत २ वॉटचे तीन, वर झाकण असलेले, फक्त खाली उजेड टाकणारे. फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेला गुडघ्याएवढे दोन खांब, प्रत्येकी ४ वॉट, त्यांचंही तोंड खाली. हे पाच सगळे २७०० केल्व्हिन, २४ व्होल्टवर. सहावा ५ वॉटचा कॉकवर, त्याचं बटण आप्पांच्या उशाशी आणि शिवाय सेन्सर. पहिले पाच टायमरवर सातला लागतात, साडेअकराला बंद होतात. रोजचे ६३ वॉटतास, म्हणजे महिन्याला दोन युनिटसुद्धा नाहीत. पायरीचे तीन पाण्याच्या रात्री त्याच उशाच्या बटणावर पुन्हा लावता येतात, हे अण्णांच्या सांगण्यावरून वायरमनकडून करून घेतलं.

नळी कंपाउंडच्या भिंतीला धरून नेली. ती कुठून गेलीय त्याचा नकाशा काढून मीटरच्या पेटीच्या दारात आतून चिकटवला आहे. चर खणताना मोगऱ्याचं एक मूळ तुटलं, त्याचं वाईट वाटतंय, पण झुडूप जगेल. फाटकाच्या खांबावरचा जुना पांढरा दिवा काढला. तो नसल्यापासून ओट्यावर बसलं की पारिजातकाची फुलं गळतानासुद्धा दिसतात, आधी ती झगमगाटात हरवायची.

परवा रात्री पावणेतीनला पाणी आलं. मी जागी होते. उशाचं बटण वाजलं, पायऱ्यांवर उजेड पडला, आप्पा हातात बॅटरी घेऊन उतरले, कॉक फिरवला आणि तिथंच कट्ट्यावर हौद भरेपर्यंत बसले. पूर्वी मला हाक मारायचे.

एक शंका राहिली. खांबाच्या बुडाशी नळीचं तोंड उघडं आहे, त्यात मुंग्या जातील का?

वायरवाला अण्णा
नक्की जातील. तोंडात सिलिकॉन भरा, प्लंबिंगच्या दुकानात नळकांडं मिळतं. पण वायर एकदा हलवून बघा आणि ढील असेल तशी ठेवूनच भरा, ताणून भरलं तर मे महिन्यात माती ओढेल तेव्हा जागा राहणार नाही. आणि मेमध्येच एकदा भिंतीवरच्या डब्या उघडून, मेन बंद करून, आतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडली पाहिजे.

शेवंती
आणि कुंड्या? कळी दिसते का?

अंगणवेल
बोळात हलवल्यात, तिथं कॉकचा दिवा पोचत नाही ते बघूनच. काल एका कुंडीत शेंड्याला हरभऱ्याएवढी गाठ दिसली. कळीच असावी. फोटो काढून टाकते.